दातांच्या उपचारात इजा झाली? दुसरीकडे दुरुस्ती करून घेण्याआधी हे वाचा

दाताची कळ थांबवायला माणूस मिळेल त्या दवाखान्यात धाव घेतो. म्हणूनच दातांच्या डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा पुरावा बऱ्याचदा पेशंटच्याच हातून नाहीसा होतो. रूट कॅनाल करताना मुळाला भोक पडलं, कॅपखाली कीड तशीच राहिली, इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू) वाकडं बसलं की पेशंट घाईने दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. ते जुनी कॅप कापून काढतात, मूळ पुन्हा साफ करतात, नवी कॅप बसवतात. दुखणं थांबतं, पण पहिल्या डॉक्टरांनी नेमकं काय केलं होतं हे दाखवणारी खूणही त्या दिवशी जाते. पोटाच्या ऑपरेशनमागे इस्पितळाची जाडजूड फाइल असते. दातांच्या दवाखान्यात पुष्कळदा एक केसपेपर आणि कॉम्प्युटरमधले दोन-चार एक्स-रे, एवढंच असतं.

म्हणून या लेखातला क्रम महत्त्वाचा आहे. ग्राहक आयोग, दंत परिषद, पोलीस हे मार्ग पुढे येतीलच. पण त्यातल्या कुठल्याही दारात तुमचं म्हणणं टिकेल की नाही, हे पहिल्या काही दिवसांतच ठरतं.

आधी जीव सांभाळा

दाढ काढल्यावर जबड्याखाली सूज उतरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर कागदपत्रांचा विचार बाजूला ठेवा आणि थेट मोठ्या इस्पितळाचा तातडीचा विभाग गाठा. दाताचा जंतुसंसर्ग गळ्यात उतरून श्वास अडवू शकतो. रक्त थांबत नसेल तरीही तेच. तिथे केसपेपर काढताना 'अमुक तारखेला बाहेर दाढ काढली, तेव्हापासून सूज' एवढं वाक्य लिहून घ्यायला सांगा. ती नोंद पुढे फार कामी येते.

जिवाला धोका नसेल, तर दुरुस्तीआधी थोडं थांबा.

दुरुस्तीच्या आधी काय जपायचं

तोंडाचे फोटो काढा. चांगल्या उजेडात, गाल बाजूला ओढून, दाढ स्पष्ट दिसेल असे. चेहऱ्यावर सूज असेल तर समोरून आणि दोन्ही बाजूंनी, रोज एकदा. मूळ फोटो मोबाइलमध्ये तसेच राहू द्या, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीतून तारखेची मूळ माहिती निघून जाते. निघालेली कॅप, तुटलेला तुकडा, काढलेली दाढ हातात असेल तर डबीत घालून ठेवा.

मग नवा एक्स-रे. एका दातापुरता छोटा एक्स-रे म्हणजे आरव्हीजी, पूर्ण जबड्याचा ओपीजी. इम्प्लांट, अक्कलदाढ किंवा नसेचा प्रश्न असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागू शकतो. हे सगळं स्वतंत्र एक्स-रे सेंटरमध्ये करा म्हणजे तारीख आणि नाव त्यावर छापून येतं. दुसऱ्या डॉक्टरांनी जे दिसलं ते लिहून दिल्यानंतरच हत्यार लावू द्या.

पैसे दिल्याचा पुरावा गोळा करा. बरेच दवाखाने बिल देत नाहीत, आपणही मागत नाही. यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट पुरतं. रोख दिले असतील तर 'डॉक्टर, आतापर्यंत दिलेल्या अठरा हजारांची पावती मिळाली नाही' असा साधा मेसेज पाठवा. त्यावर 'उद्या देतो' असं उत्तर आलं तरी पैसे दिल्याचा आधार मिळतो. दवाखान्याशी झालेलं चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं.

केसपेपर मागा, लेखी मागा

पेशंटला स्वतःच्या नोंदींच्या प्रती मिळण्याचा हक्क आहे. गोपनीयतेचं कारण सांगून डॉक्टर त्या पेशंटला नाकारू शकत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच रघुनाथ रहेजा प्रकरणात सांगितलं. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेत नोंदी किमान तीन वर्षं जपण्याचा आणि मागितल्यावर ७२ तासांत देण्याचा नियम आहे. तोंडी मागितलं तर 'मॅडम आल्या की बघू' असं उत्तर मिळतं. म्हणून ईमेल करा, किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. मजकूर असा चालेल:

'मी दि. … ते दि. … या काळात आपल्याकडे खालच्या उजव्या दाढेवर उपचार घेतले. माझा संपूर्ण केसपेपर, सर्व एक्स-रे मूळ डिजिटल स्वरूपात, सह्या केलेली संमतीपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, लॅबला पाठवलेली ऑर्डर व सर्व बिले यांच्या प्रती ७२ तासांत द्याव्यात. माझ्यावर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांकही कळवावा.'

शेवटचं वाक्य गाळू नका. दवाखाना एका डॉक्टरांचा, अवघड दाढ काढायला बाहेरून येणारे सर्जन दुसरेच, ही पद्धत सर्रास आहे. त्या सर्जनचं नाव पेशंटला माहीतच नसतं. तक्रारीत दोघांना पक्षकार करावं लागतं, आणि दवाखाना एखाद्या कंपनीच्या साखळीतला असेल तर कंपनीलाही.

केसपेपर हातात आला की दातांचे आकडे वाचायला शिका. जबड्याचे चार भाग पाडतात: पेशंटचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे १ ते ८ मोजतात. म्हणजे ४६ ही खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ, ४७ तिच्या मागची, ४८ अक्कलदाढ. काही डॉक्टर अधिकच्या चिन्हासारखी फुली मारून तिच्या कोपऱ्यात आकडा लिहितात. आता पाहा: एक्स-रेमध्ये कीड ४७ मध्ये आहे, संमतीपत्रावर ४७ लिहिलंय, आणि तोंडात रिकामी जागा ४६ ची आहे. म्हणजे चुकीची दाढ निघाली. एवढं दाखवलं की फार युक्तिवाद करावा लागत नाही.

इम्प्लांट असेल तर त्याच्या पाकिटावरचं कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर मागा. झिरकोनियाच्या (पांढऱ्या, महाग सिरॅमिकच्या) कॅपचे पैसे घेऊन आत धातूची कॅप बसवल्याचा संशय असेल, तर लॅबची ऑर्डर आणि वॉरंटी कार्ड बघा.

निष्काळजीपणा की गुंतागुंत?

हा भाग कटू वाटेल, पण आधीच समजून घेतलेला बरा. उपचार फसला म्हणजे डॉक्टर दोषी, असं कायदा मानत नाही. सर्वसाधारण कौशल्याचा दंतवैद्य त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली होती का, एवढंच बघितलं जातं. शिवाय त्या हलगर्जीमुळेच तुमचं नुकसान झालं, हेही दाखवावं लागतं.

रूट कॅनाल नीट करूनही काही दातांत पुन्हा संसर्ग होतो. मुळाच्या अरुंद वाटेत बारीक फाइल, म्हणजे मूळ साफ करायची सुईसारखी कानस, तुटू शकते. नुसती फाइल तुटली म्हणून सहसा निष्काळजीपणा ठरत नाही. पण ती आत राहिल्याचं पेशंटला सांगितलंच नाही आणि वर कॅप बसवून मोकळे झाले, तर गोष्ट वेगळी. खालची अक्कलदाढ काढल्यावर ओठ बधिर होण्याचा धोका पुस्तकातच लिहिलेला आहे, कारण नस मुळांच्या अगदी जवळून जाते. इथे प्रश्न असे विचारायचे: आधी एक्स-रे काढला होता का? धोका समजावून सांगितला होता का? बधिरपणाची तक्रार केल्यावर तपासलं का, की 'होईल बरं' म्हणून परत पाठवलं?

काही चुका मात्र उघड असतात. चुकीचा दात काढणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, हाडं ठिसूळ होण्यावरची इंजेक्शनं यांची विचारपूसच न करता दाढ काढणं. निर्जंतुक न केलेली हत्यारं वापरणं. पदवी एका शाखेची आणि उपचार दुसऱ्याच शाखेचे, हाही मूळचा निष्काळजीपणाच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पूनम वर्मा खटल्यात म्हटलं.

'तुम्ही सही केली आहे' हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. खुर्चीत आडवं झाल्यावर पुढे केलेल्या इंग्रजी फॉर्मवरच्या सहीने निष्काळजीपणा माफ होत नाही. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि धोके पेशंटला पुरेसे कळल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. एका उपचाराची संमती दुसऱ्याला चालत नाही, अपवाद फक्त जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावं लागलं तर.

दुसरं मत कसं घ्यायचं

खासगी डॉक्टर व्यवसायबंधूविरुद्ध लिहून द्यायला कचरतात. त्यांच्याकडे 'निष्काळजीपणा झाला' असा शेरा मागूच नका. जे दिसतं ते लिहून मागा: कुठला दात नाही, मुळात काय अडकलंय, कॅपची कड कुठे उघडी आहे, पुढचे उपचार कोणते आणि खर्च किती. यातून निष्कर्ष काढणं आयोगाचं काम. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत केसपेपर काढून तपासणी करून घेता येते, आणि सरकारी नोंद असल्यामुळे तिला वजनही राहतं.

बोलणी आणि नोटीस

कागद हातात आल्यावर एकदा डॉक्टरांशी बोलून बघा. कितीतरी प्रकरणं फी परत आणि पुढच्या उपचारांचा खर्च एवढ्यावर मिटतात, आणि तसं मिटत असेल तर त्यात कमीपणा नाही. फक्त 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं लिहिलेल्या कागदावर, पुढच्या उपचारांचा खरा खर्च कळण्याआधी सही करू नका.

दवाखान्यात जाऊन आवाज चढवू नका, नातेवाइकांची फौज नेऊ नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याखाली डॉक्टरांवरची हिंसा आणि दवाखान्याची तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. चूक त्यांची असताना आरोपी तुम्ही व्हाल. इंटरनेटवर लिहायचंच असेल तर घडलं तेवढंच, तारखांसह लिहा. 'खुनी', 'लुटारू' असे शब्द बदनामीच्या दाव्याला निमंत्रण देतात.

बोलणी फिसकटली की नोटीस पाठवा. ग्राहक कायद्यात तिची सक्ती नाही, पण पंधरा दिवसांची मुदत देऊन पाठवलेली नोटीस बऱ्याचदा गाडं हलवते. अनेक डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असतो आणि नोटीस मिळाल्यावर त्यांना विमा कंपनीला कळवावं लागतं. नोटिशीला उत्तर आलं तर त्यातून त्यांचा बचाव काय असेल, हेही आधीच कळतं.

ग्राहक आयोग: बहुतेकांसाठी हाच रस्ता

फी घेऊन दिलेले वैद्यकीय उपचार ही ग्राहक कायद्यातली सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं. २०१९ चा नवा कायदा आल्यावर 'आता आरोग्यसेवा वगळली' असा दावा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. तेव्हा तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तक्रार कुठे करायची हे आता तुम्ही *दिलेल्या* रकमेवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे दातांची जवळपास सगळी प्रकरणं जिल्ह्यातच. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. दवाखाना पुण्यात आणि तुम्ही राहता साताऱ्यात, तर साताऱ्याच्या आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सगळ्यात उपयोगी सोय आहे असं मला वाटतं. तक्रार मराठीत लिहिता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते.

मुदत दोन वर्षं. ती साधारणपणे उपचार झाला किंवा नुकसान उघड झालं त्या दिवसापासून मोजतात. इम्प्लांटखालचं हाड झिजल्याचं उशिरा कळलं तर कळल्याची तारीख धरावी असा युक्तिवाद करता येतो आणि सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो, पण त्या भरवशावर बसू नका. 'या, करून देतो' असं डॉक्टर म्हणत राहतात आणि त्यात दोन वर्षं निघून जातात. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही.

तक्रारीत विशेषणं नकोत, तारखा हव्यात. कोणत्या दिवशी गेलात, काय सांगितलं, काय केलं, किती दिले, कधीपासून त्रास, नंतर कुणी काय लिहून दिलं. शेवटी मागणी: दिलेली फी, दुरुस्तीचा खर्च (झालेला आणि अंदाजपत्रकातला), बुडालेली मजुरी किंवा पगार, शारीरिक-मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. प्रत्येक आकड्यामागे कागद असू द्या. सहा हजारांच्या कॅपसाठी पन्नास लाख मागितले की तुमच्या खऱ्या नुकसानाकडेही संशयाने बघितलं जातं. उलट समोरचे दोन दात कायमचे गमावलेल्या पंचविशीतल्या मुलीने पुढच्या आयुष्यात कॅप आणि इम्प्लांट पुन्हा बदलावे लागण्याचा खर्च मागितला, तर तो वाजवीच आहे. तो मागायचा राहून जातो, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

तक्रार दाखल करून घेण्याचा निर्णय साधारण २१ दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. मग दोन्हीकडची शपथपत्रं, जरूर तर तज्ज्ञाचं मत, लेखी युक्तिवाद. मध्यस्थीचाही पर्याय असतो. कायद्यातली मुदत तीन महिन्यांची असली तरी प्रत्यक्षात निकालाला वर्षं लागू शकतात, ही तयारी ठेवा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही. चूक स्वतःच बोलत असेल तर त्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात म्हटलं. चुकीची दाढ काढणं त्यात बसतं, नसेची इजा सहसा बसत नाही.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, किंवा जवळच्या ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. वकील हवा पण परवडत नाही, अशांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. हेल्पलाइन १५१००. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हा हक्क आहे, मागायला संकोच करू नका.

दंत परिषद

डॉक्टरांच्या वागणुकीबद्दलची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे, गोव्यात असाल तर गोवा राज्य दंत परिषदेकडे. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नाव काढू शकते. पैसे मिळवून देऊ शकत नाही. ग्राहक आयोग आणि परिषद दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. डॉक्टर नोंदणीकृत आहेत का, याची खात्रीही परिषदेकडेच करा. नोंदणीच नसेल तर प्रकरण बोगस डॉक्टरचं आहे: महापालिकेचे आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांना लेखी कळवा आणि पोलिसांतही जा.

पोलीस कधी?

भारतीय न्याय संहितेत 'गंभीर दुखापती'च्या व्याख्येत हाडाबरोबर दात मोडणं किंवा निखळणंही आहे, आणि निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत केल्यास कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे वाचून लगेच पोलीस ठाण्यात जावंसं वाटेल. पण जेकब मॅथ्यू खटल्यापासून (२००५) डॉक्टरांवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा अतिशय ढोबळ असावा लागतो, पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरांचं, आणि सरसकट अटक होत नाही. फसलेल्या रूट कॅनालसाठी हा मार्ग नाही.

मृत्यू झाला तर मात्र एक क्षणही दवडू नका. भूल दिल्यावर किंवा संसर्ग पसरून जीव गेला, तर लगेच पोलिसांना कळवा आणि शवविच्छेदनाचा आग्रह धरा. त्या दुःखात घरचे 'आता कशाला चिरफाड' म्हणतात, ते समजण्यासारखं आहे. पण शवविच्छेदनाशिवाय मृत्यूचं कारण सिद्ध करणं पुढे फार कठीण जातं, आणि न्याय संहितेच्या कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) खालची कारवाईही अडखळते.

मोफत उपचार आणि परगावचे पेशंट

सगळ्यांवर मोफत उपचार करणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध सहसा ग्राहक आयोगात जाता येत नाही. नाममात्र केसपेपरचे पैसे भरले तरी फरक पडत नाही. पण तोच दवाखाना काही पेशंटकडून फी घेत असेल, तर मोफत उपचार मिळालेला पेशंटही ग्राहक ठरतो. एरवी दिवाणी दावा, खात्याकडे तक्रार, आणि नोंदींसाठी माहितीचा अधिकार.

दुबई किंवा अमेरिकेतून सुट्टीत येऊन इथे स्वस्तात इम्प्लांट करून जाणारे मराठी लोक कमी नाहीत. त्यांनी विमानात बसण्याआधीच ओपीजी, स्टिकर आणि बिल सोबत घ्यावं. परत गेल्यावर त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरांचा लेखी अहवाल घेऊन, उपचार जिथे झाले त्या जिल्ह्याच्या आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते.

निकाल लागल्यावर

निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस आहेत. जिंकलात आणि डॉक्टरांनी अपील केलं, तर त्यांना आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असं झालं, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. ग्राहक कायद्याच्या कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत लागते. ती निकालाच्या दिवशीच मागून ठेवा.